लिंबाच्या साली

ज्याच्या दारात आबकारीची जीप उभी राहून गेली, त्या माणसाने खरं तर काही दिवस मान खाली घालून चालावं. मी तसा चालत नाही. का चालत नाही, ते सांगायचं म्हणूनच हे सगळं सांगायला बसलोय. आमच्या गल्लीत याची वेगळीच गोष्ट फिरते. ती जीवनभाऊंनी फिरवली, आणि जीवनभाऊ कुठलीही गोष्ट पुढे देताना तिच्यात थोडं पाणी घालतात, हे सगळ्या बुऱ्हाणपुराला ठाऊक आहे.

माझं नाव लीलाधर. वीज ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि आता इथल्या मराठी मंडळाचा सचिव आहे. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. आमच्या गावचा मराठी माणूस सकाळी मराठीत उठतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत हिंदीत पोचतो. ‘मी जाऊन राहिलो’, ‘ते फिर पाहू’, ‘त्याची तबेत खराब आहे’ असं चाललेलं असतं. अशा गावात मी एकटा भाषेचा किल्ला लढवतोय. माझ्या बोलण्यात हिंदी शब्द सापडायचा नाही. मतलब, सहसा सापडायचा नाही.

तर मूळ मुद्दा असा, की माझी लेक हिमानी पुण्याला असते. जावई अनिकेत, आणि नात. नातीचं पाळण्यातलं नाव लांबलचक आहे, पण सगळे तिला गोटू म्हणतात. दिवाळीत गोटू पहिल्यांदा आमच्या घरी आली, तेव्हा मी घर असं चकाचक केलं होतं की पाहुण्याने फरशीत भांग पाडावा. फिनाइल ओतलं, संडासात ॲसिड टाकलं, वर सुगंधाची फवारणी केली. संध्याकाळी पोरगी खोकायला लागली, अंगावर लाल चट्टे उठले, आणि आम्ही सगळे दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी ते तिघं परत गेले. अनिकेत फार सभ्य मुलगा आहे. गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, “बाबा, आता काही दिवस तुम्हीच पुण्याला येत जा.” बांधलेला पाळणा हलला पण नव्हता.

आमच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. नाही आली तर गल्ली आधी हवापाण्याचं विचारते आणि मग हळूच, सगळं ठीक आहे ना, असं विचारते. होळी झाली तशी मी हिमानीला फोन केला. म्हटलं, आखाजीला यायचंच. ती घुटमळली. म्हणाली, “बाबा, गोटू आता रांगते. जे दिसेल ते चाटते. फरशीवर हात टेकते आणि तोच तोंडात घालते. डॉक्टर म्हणतात, घरात उग्र काही नको.” मी तिथल्या तिथे शब्द दिला की या घरात आता सिर्फ नैसर्गिक पदार्थ शिरतील.

शब्द दिला आणि पहिला खटका आमच्या कामवालीशी उडाला. मालूबाईला म्हटलं, उद्यापासून फिनाइल बंद, साध्या पाण्यात मीठ टाकून पुसायचं. तिने फडकं खाली ठेवलं. म्हणाली, “सर, वास नाही आला तर पुसलंय हे लोकांना कळणार कसं?” मी तिला स्वच्छता आणि वास यांतला फरक समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी जाताना आमच्या फिनाइलची बाटली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः व्हिनेगर आणून देवघराची संगमरवरी पायरी घासली. दगडाची चमक पार गेली. जिथे जिथे घासलं होतं तिथे चुन्यासारखे पांढरे पट्टे उमटले. प्रतिभाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यावर रांगोळी काढून ठेवली. तेव्हापासून आमच्या देवघरात रोज सण असतो.

शेवटी मी हिमानीलाच खात्रीची कृती मागितली. तिचा निरोप आला. मोबाईलवर, स्वच्छ मराठीत. लिंबाच्या साली तीन भाग, गूळ एक भाग, पाणी दहा भाग. झाकणाच्या डब्यात आंबवायचं, रोज झाकण सैल करून हवा काढायची. घाई असेल तर चिमूटभर यीस्ट. मग गाळून, पाण्यात मिसळून फरशी पुसायची.

मी तो निरोप प्रतिभाला मोठ्याने वाचून दाखवला. एक तर लेकीचं मराठी ऐकून मला भरून आलं होतं. इथे असताना ‘बाबा, मी येऊन राहिली’ म्हणणारी पोर, आता एकही शब्द वावगा नाही.

प्रतिभा गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “निंबूचे छिलके म्हणत असेल ती.”

आता माझी बायको फोपनारची, केळीवाल्यांच्या घरातली. बाकी सगळ्या बाबतीत हुशार, पण व्याकरणाशी तिचा संबंध आला नाही. मी तिला समजावून सांगितलं. म्हटलं, “निंबू हा हिंदी शब्द. मराठीत लिंबू. आता लिंबूचं काय होतं? लिंबूचं. जसं निंबूचं. इथे काय लिहिलंय? लिंबाच्या. म्हणजे लिंब. कडुलिंबाचं झाड. आणि दुसरं असं, की फळाला छिलका असतो. साल असते झाडाला.”

“छिलका हिंदी नाही का?” ती म्हणाली.

“मुद्दा तो नाही,” मी म्हटलं. “पाडव्याला आपण काय खातो? लिंब. पोराला देवी आली की उशाशी काय ठेवतो? लिंब. आंबट वस्तूने देवघराच्या पायरीचं काय झालं ते तू पाहिलंस. मग माझी शिकलेली पोरगी घर पुसायला आंबट सांगेल का?”

“मी आपलं सांगितलं,” प्रतिभा म्हणाली आणि गवार घेऊन आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ‘मी आपलं सांगितलं’ या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

कोणी म्हणेल, हिमानीला एक फोन करून विचारायचं होतं. वाः. मराठी मंडळाच्या सचिवाने पोटच्या पोरीला मराठी शब्दाचा अर्थ विचारायचा, आणि तिथे तिच्या सासूबाई शेजारी बसलेल्या. माणसाला काही मान असतो की नाही.

साल फोपनारहून आली. माझा मेहुणा नीलेश, त्याच्या बांधावरचा लिंब वादळात उन्मळून पडला होता. त्याने पोतं भरून साल केळीच्या गाडीवर टाकून पाठवली आणि फोन केला. “दाजी, एवढी साल कशाला? सगळ्या गल्लीला दातन वाटताय का?” मी म्हटलं, घर पुसायचंय. मग तो म्हणाला, “ताईला फोन द्या.” दोघं बहीणभाऊ काय बोलले ते मला कळलं नाही, पण प्रतिभा एकदा ‘असू दे रे’ म्हणाली.

गुळासाठी मी बाजारात गेलो. पुसायलाच वापरायचा तर पिवळाधमक कशाला, म्हणून काळा गूळ मागितला. भरपूर मागितला. दुकानदाराने माझ्याकडे वर-खाली पाहिलं आणि आवाज खाली आणला. “साहेब, नवसागर पण देऊ?” मी करड्या आवाजात म्हटलं, “नको. केमिकल मी घरात येऊ देत नाही.” तो एकदम हात जोडून उभाच राहिला. “वा साहेब. आजकाल असा प्युअर माल बनवतो कोण.” मला बरं वाटलं. स्वच्छतेची कदर करणारी माणसं बाजारात अजून आहेत, असं घरी येऊन प्रतिभाला मी सांगितलंसुद्धा. यीस्ट आणायला बेकरीत गेलो तर तिथेही असाच मान मिळाला.

गच्चीवर निळा प्लास्टिकचा ड्रम होता. त्यात साल, गूळ, पाणी, यीस्ट घातलं, काठीने ढवळलं आणि झाकण लावलं. चैत्राचं ऊन. आमच्याकडचं ऊन काय असतं ते तापीकाठच्या माणसाला सांगायला नको. चार-दोन दिवसांत ड्रम आतून बोलायला लागला. प्रतिभा रोज दुपारी कपडे काढायला गेली की झाकण सैल करून हवा काढायची, आणि नाकाला पदर लावून खाली यायची.

आता जीवनभाऊ. ते आमचे शेजारी. दोघांच्या गच्च्यांमध्ये एक गुडघाभर भिंत, आणि ती ओलांडून त्यांचे सल्ले रोज येतात. ड्रमची खबर त्यांना पहिल्याच दिवशी लागली. भिंतीवर कोपरं टेकून त्यांनी विचारलं, “सचिवसाहेब, काय काय टाकलं?” मी सांगितलं, गूळ, साल, यीस्ट. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. “बरोबर आहे. बाकी काय राहिलं? अपनी तरफ से बेस्ट ऑफ लक.” त्यानंतर ते रोज विचारायला लागले, कधी तयार होणार, कधी तयार होणार. मी म्हटलं, आखाजीपर्यंत. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला वाटलं, शेजारधर्म अजून मेला नाही. एक दिवस मला हळूच म्हणाले, “भाभीजींना मंजूर आहे ना?” मी म्हटलं, “तीच तर रोज हवा काढते.” जीवनभाऊंनी आमच्या घराकडे वळून नमस्कार केला.

आखाजी जवळ आली तशी प्रतिभा केळीच्या बागेतल्या एका पूजेला फोपनारला गेली. जाताना म्हणाली, “झाकण रोज सैल करा. विसरू नका.” मी विसरलो नाही. झालं असं, की वाऱ्याची दिशा बदलली आणि वास गल्लीत उतरायला लागला. जीवनभाऊ काळजीत पडले. “साहेब, असा उघडा वास ठीक नाही. मोहल्ला जमेल. घट्ट लावा झाकण, वर वजन ठेवा.” इतक्या कळकळीने सांगणाऱ्याचा शब्द मोडवेना. मी झाकण गच्च आवळलं आणि वर पाटा ठेवला, तोच, ज्याच्यावर आमच्या घरात एके काळी पुरण वाटलं जायचं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी ताक पीत बसलो होतो. असा आवाज झाला की ताक माझ्या सदऱ्यावर आणि मांजर कपाटावर. गच्चीत जाऊन पाहतो तर पाटा दोन तुकडे होऊन पडलेला, आणि ड्रमच्या तोंडातून काळपट फेस भसाभसा बाहेर येतोय. झाकण जागेवर नव्हतं. ते जीवनभाऊंच्या गच्चीत, आशाबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांच्या मधोमध जाऊन पडलं होतं. आशाबाई म्हणजे जीवनभाऊंच्या बायको. त्या झाकणाकडे पाहत होत्या, मग माझ्याकडे, मग नवऱ्याकडे. म्हणाल्या, “हे दोघं मिळून काय चाललंय?” जीवनभाऊ म्हणाले, “मी नाही, हेच.” मैत्री अशा वेळीच ओळखावी.

फेस पन्हळीतून खाली गल्लीत उतरला. गुळाचा आंबूस वास चौकापर्यंत गेला. माणसं जमली. कोणी विचारलं नाही, लागलं का. जो येई तो वर नाक करून एक लांब श्वास घेई आणि मानेनेच दुसऱ्याला विचारी. त्यातल्या कोणी कळवलं ते मला माहीत आहे, पण मी नाव घेणार नाही. तासाभरात आबकारीची जीप आली.

साहेब तरुण होते, अदबशीर होते, हे मान्य केलं पाहिजे. बरोबर कडू नावाचे हवालदार. प्रतिभा नेमकी तेव्हाच फोपनारहून परतली आणि गर्दीतून वाट काढत, हातात केळफूल घेऊन, जिना चढून वर आली. साहेबांनी ड्रममध्ये डोकावून विचारलं, “ये क्या है?”

मी म्हटलं, “नैसर्गिक स्वच्छता द्रव.”

“मतलब?”

“फर्श पोंछने का.”

“फर्श पोंछने में गुड़?”

“जी.”

“और यीस्ट?”

“घाई थी,” मी म्हटलं.

साहेबांनी कडूंकडे पाहिलं. कडूंनी ओठ मिटून घेतले. त्यांच्या कागदावर पकडलेल्या मालाचे प्रकार छापलेले होते, देशी, महुआ, ताडी वगैरे. फरशीचं त्यात काही नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, असा प्रकार करायला सांगितलं कोणी. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, “बेटी ने. पुणे में रहती है. इंजीनियर है.” आणि मोबाईल पुढे केला. साहेबांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी तो कडूंना दिला. कडूंनी मोठ्याने वाचलं, लिंबाच्या साली तीन भाग, आणि म्हणाले, “साहब, लिखा तो नीम की छाल ही है.”

त्या क्षणी मी प्रतिभाकडे पाहिलं. सरकारी माणसाने, वर्दीत, सगळ्या गल्लीसमोर माझं व्याकरण मान्य केलं होतं. ती केळफुलाची पानं सोलत होती.

साहेब म्हणाले, बेटीला फोन लावा, स्पीकरवर. मी लावला. म्हटलं, हिमानी, घाबरू नकोस, आबकारीचे साहेब आलेत. आता या वाक्याने कोणी घाबरणार नाही असं मला का वाटलं, देव जाणे. पलीकडे भांडं पडलं. मग मी शांतपणे विचारलं, “तू लिहिलेल्या लिंबाच्या साली म्हणजे लिंबाच्याच ना? मी पोतंभर टाकल्या.”

“पोतंभर? एवढी लिंबं कुठून आणली बाबा?”

“एकच लिंब होता. नीलेशमामाच्या बांधावरचा. वादळात पडला.”

मग माझी पुण्याची लेक, जिच्या बोलण्यात एक शब्द वावगा नसतो, ती किंचाळली, “बाबा, निंबू! निंबूचे छिलके! आपलं निंबू!”

प्रतिभाने फक्त पदर नीट केला. मी तिला आजवर पुष्कळदा जिंकताना पाहिलंय, पण इतक्या हळू आवाजात कधी नाही. मला मात्र त्याही वेळी दुसरंच काही जाणवलं. हिमानीच्या तोंडचा ‘निंबू’ मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला होता, आणि मला तो वाईट वाटला नाही.

कडू म्हणाले, साहेब, ते ठीक आहे, पण नशा आहे की नाही ते बघावं लागेल, नमुना पाठवू. साहेब विचारात पडले. तेवढ्यात भिंत ओलांडून जीवनभाऊ पुढे आले. म्हणाले, “पंच म्हणून मी हाजिर आहे. चाखून सांगतो.” साहेब म्हणाले, “आपको ज़रूरत नहीं है.” पण पहिल्या दिवसापासून वाट पाहणाऱ्या माणसाला कोण अडवणार. त्यांच्या खिशातून स्टीलचा पेला निघाला. स्वतःचा, घरून आणलेला. तो ड्रममध्ये बुडवून त्यांनी एका दमात तोंडाला लावला.

लिंबाची साल आपण चावून थुंकतो. ती महिनाभर मुरवून प्यायल्यावर काय होतं ते तोवर कोणी पाहिलं नव्हतं. जीवनभाऊंचे डोळे आधी मिटले, मग उघडले, मग एकेक करून मिटले. त्यांनी भिंत धरली. आशाबाई आपल्या गच्चीतून म्हणाल्या, “काय झालं, गिळा ना.” जीवनभाऊंनी पेला भिंतीवर उपडा ठेवला. “साहब,” ते म्हणाले, “इसमें नशा नहीं है. इसको पीने से तो जो पहले का था, वो भी उतर गया.”

साहेब तोंड फिरवून हसले. कागदावर त्यांनी हाताने लिहिलं, नीम का काढ़ा, और मला एवढंच बजावलं की पुन्हा झाकण असं आवळू नका, कोणाचं डोकं फुटेल. जाताना कडू मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, एक बाटली मिळेल का? माझ्या साडूला द्यायची होती, त्याची दारू सुटेल.” मी म्हटलं, हे फरशीचं आहे, पिण्याचं नाही. दिली नाही. या निमित्ताने किती घरांतून किती बायका रिकामी बाटली घेऊन आल्या, ते सांगायला गेलो तर गल्लीतल्या निम्म्या पुरुषांना तोंड लपवावं लागेल.

जीप गेली तरी फोन चालूच होता. ते माझ्या लक्षात नव्हतं. हिमानी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, आमची गाडी उद्याची आहे. आता तुम्ही घाईघाईत फिनाइल नका वापरू, बरं का. अनिकेत विचारतोय, हॉटेल बघू का? दिवसा घरी येऊ, झोपायला तिकडे.”

अख्ख्या गल्लीने मनातल्या मनात मला दारूवाला ठरवलं तेव्हा मला राग आला होता. ‘हॉटेल’ हा शब्द त्याहून जड गेला. आखाजीला लेक माहेरी आणि मुक्काम हॉटेलात. मी गच्चीच्या कठड्यावर बसलो. घर पुसायच्या नादात मी लेकीचं माहेर पुसून टाकलं, असं मला वाटलं, आणि ते मला फार लागलं.

प्रतिभाने माझ्या हातातून फोन घेतला. “हिमू, तुला लहानपणी मी कशाच्या पाण्यात आंघोळ घालत होती?”

“लिंबाच्या पाल्याच्या,” हिमानी म्हणाली.

“तुझ्या गोटूला बाराव्या दिवशी कशाच्या पाण्याने न्हाऊ घातलं? तुझ्या सासूबाईंनीच.”

“लिंबाच्या.”

“मग पाला चालतो तर सालीला काय धाड भरली? मी गरम पाणी टाकून पुसते, वरून साध्या पाण्याने पुसते. हॉटेल-बिटेल काही नाही. घरी ये.” तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, उठा. गाळा ते.”

माझ्या जुन्या धोतरातून आम्ही दोघांनी तो काढा गाळला. बादलीभर गरम पाण्यात तांब्याभर काढा, या मापाने पुसायला घेतलं. पुढची खोली मी, स्वयंपाकघर प्रतिभा. मालूबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि नाक वर करून वास घेत राहिली. मग पदर खोचून आत आली. “सर,” ती म्हणाली, “आता कळतंय पुसलंय म्हणून.” आणि माझ्या हातातलं फडकं तिने ओढून घेतलं. संध्याकाळी आशाबाई आल्या. मी कुरडयांबद्दल काही बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, ते राहू द्या, आमच्या यांनी दुपारपासून तोंडात काही घेतलं नाही, आणि काही मागितलंही नाही, खिडक्या मी पुसून देते.

सकाळी पाहिलं तर पांढऱ्या टाइल्सच्या फटी चहाच्या रंगाच्या झालेल्या. घासून गेल्या नाहीत. घरभर गूळ आणि लिंब यांचा मिळून वास. मी खिडक्या उघडल्या, बंद केल्या, परत उघडल्या. मग स्टेशनवर गेलो.

हिमानी घरात शिरली आणि दारातच थांबली. तिने लांब श्वास घेतला. अनिकेत तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, मी अनिकेतच्या. गोटूला तिने हळूच खाली सोडलं. पोरगी आधी बसून राहिली. मग तिला फटीतली तपकिरी रेघ दिसली, आणि ती धरून ती निघाली रांगत, देवघराकडे. मध्येच थांबली. तळहात पाहिला. हिमानी ‘नको नको’ म्हणेपर्यंत तो हात कोपरापर्यंत ओला होईल एवढा तोंडात गेला होता.

गोटूचं तोंड वाकडं झालं. दोनदा पुसलं तरी लिंब तो लिंबच. तिने हात बाहेर काढला, त्याच्याकडे रागाने पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कालचे जीवनभाऊ मला आठवले. मला वाटलं, आता रडणार, आता बॅगा उचलल्या जाणार. पोरीने हात माझ्या धोतराला पुसला, आणि पुढे रांगायला लागली.

राहिली तोवर गोटूने पुन्हा हात तोंडात घातला नाही. अंगठासुद्धा नाही. ज्यासाठी पुण्याच्या डॉक्टरांनी काय काय उपाय सांगितले होते, ते माझ्या फरशीने एका चाटण्यात केलं. चट्टे नाहीत, खोकला नाही. पाळणा हलला, इतका हलला की कडी कुरकुरायला लागली. गल्लीत मी सांगितलं की हे सगळं विचारपूर्वक केलेलं होतं. प्रतिभा शेजारीच उभी होती, आणि ती काही बोलली नाही. तिला मी यासाठी जन्मभर मानेन.

जायच्या दिवशी अनिकेतने स्वतःहून विचारलं, “बाबा, दिवाळीला आम्ही इकडेच आलो तर चालेल ना?” मी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

हिमानी बॅग भरत होती. म्हणाली, “बाबा, ती कृती लिहून पाठवा ना. माझ्या मैत्रिणी मागतायत, सगळ्यांची पोरं अंगठे चोखतात.” मी तिथेच मोबाईल काढला आणि टाइप केलं. लिंबाच्या साली तीन भाग.

तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हसायला लागली. “बाबा, हे नीट लिहा. पुण्यात हे वाचून सगळ्या निंबू पिळतील.”

“पिळू दे,” मी म्हटलं. “ज्याला मराठी कळत नाही, त्याने आधी विचारावं.”